कैरी सोलायचा शिंपला

यंदाची पहिली कैरी आमच्या घरी मोबाइलवरून आली. सुनेने बोटाने काहीतरी दाबलं आणि चहाला उकळी फुटायच्या आत दारात एक घामेजलेला माणूस प्लास्टिकचा डबा घेऊन उभा. डब्यात सोललेल्या, एकसारख्या चौकोनी फोडी, शेजारी मीठ-तिखटाची पुडी. "आई, तुम्हाला सोलायचा त्रास नको म्हणून," सून म्हणाली. पोरगी गुणाची आहे, तिला काय बोलणार? मी एक फोड तोंडात टाकली. आंबट होती. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. फक्त सालीचा वास नव्हता, देठाचा चीक नव्हता, आणि चीक लागून ओठाच्या कडेला उठणारा तो फोड उठायची सोय नव्हती, ज्याच्यावरून कोण चोरून कैऱ्या खाऊन आलंय हे आमच्या आईला लांबूनच कळायचं.

दुपारी सगळे आपापल्या लॅपटॉपात शिरल्यावर मी स्वयंपाकघरातला तळाचा खण उघडला. जुन्या सांडश्या, बिनदांड्याची किसणी आणि त्यांच्या मागे फडक्यात गुंडाळलेला माझा शिंपला. बाहेरून शेवाळी, आतून मोतिया, तळहाताएवढा. पाठीवर भोक. आमच्याकडे कैरी सोलायची ती शिंपल्याने. शिंपल्याची फुगीर पाठ ओल्या दगडावर घासत बसायचं. दाढ कोरताना दवाखान्यात येतो तसा वास यायचा. घासता घासता पाठ पातळ होत जायची आणि एका क्षणी दगडाचा काळा रंग आरपार दिसायचा. मग तो शिंपला कैरीवर ओढला की भोकातून सालीची हिरवी फीत वर येई. ज्याची फीत न तुटता निघेल त्याला पहिली फोड. ती बहुतेक वेळा माझा थोरला भाऊच पटकावायचा, कारण भोकाची कड नीट साधायची कला त्याच्याच हातात होती. त्याला आम्ही सगळे भाऊच म्हणतो.

हे सगळं खराडीत. आता खराडी म्हटलं की लोक 'हो का, कुठल्या कंपनीत?' असं विचारतात. आम्ही कुठल्याच कंपनीतले नाही, कंपन्या आमच्या मळ्यात आहेत. ज्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे, तिच्या जागी आमच्या गुरांची गव्हाण होती. आणि खिडकीतून समोर जी निळ्या काचेची इमारत दिसते ना, उन्हं कलली की जिचा झगझगाट थेट आमच्या देवघरात येतो, तो आमचा खालचा मळा. नदीकाठचा. त्यात ऊस असायचा आणि त्याच्यापलीकडे डोह.

नदी तेव्हाही काही गंगाजळ नव्हती. अख्ख्या पुण्याची अंघोळ करून ती आमच्याकडे यायची. पण मळ्याच्या टोकाशी एक ओढा तिला मिळायचा आणि ओढ्याचं पाणी स्वच्छ होतं. तो मिळायचा तिथेच डोह होता, आणि डोहाच्या वाळूत शिंपले. उन्हाळ्यात पाणी मांडीपर्यंत उतरलं की पायांनी चाचपायचं. टाचेखाली कड लागली की बुडी मारून उपसायचं. आई त्यातल्या चिमुकल्या शिंपल्या निवडून, उकळून ठेवायची. भाऊला तिने अशाच शिंपलीने दूध पाजलं, मलाही. घरात चांदीचं बोंडलं होतं, पण ते पाहुणे आल्यावर दाखवायला.

पुढे कधीतरी त्या चिमुकल्या शिंपल्या मिळेनाशा झाल्या. तळाशी सगळे मोठेच. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मी प्राणिशास्त्र शिकले, मग ज्युनिअर कॉलेजात तेच शिकवलं, तेव्हा उलगडा झाला. शिंपल्याचं पोर जन्मल्यावर काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतं, तिथे जरा वाढतं आणि मग गळून तळाशी बसतं. आमच्या डोहातली मरळ गेली, वाम गेली, बाहेरून आणून सोडलेली चिलापी तेवढी माजली. पोरांना पोसणारे मासेच राहिले नाहीत. शिंपला वर्षानुवर्षं जगतो, म्हणून डोह भरलेला दिसायचा. सगळे म्हातारे होते, एवढंच. आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी बाकांवर बसलेली मंडळी पाहिली की मला तो डोह आठवतो. पोरं सगळी अमेरिकेत.

तर, तो उन्हाळा. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. गाव नुकतंच शहरात घेतलं गेलं होतं, म्हणजे पाट्या बदलल्या होत्या, पाणी यायचं होतं. ते अजून यायचंच आहे. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसले होते. पांढऱ्या गाडीतून माणसं यायची. इस्त्रीचे कपडे, हातात चपट्या बॅगा, बुटांवर आमच्याच शेतातली माती. ओट्यावर बसून ती आबांशी गोड बोलत. आबा म्हणजे माझे वडील. उसावर आयुष्य काढलेला माणूस, बोलणं मोजकं, हात राकट. त्यांचं मन विकायकडे झुकलं होतं, आणि मी त्यांना दोष देत नाही. दोन्हीकडच्या मळ्यांना तारेची कुंपणं पडली होती, ओढ्यालाही वास मारायला लागला होता, तोडीला माणसं मिळत नव्हती. शेजारी विकून मोकळे झाले की मधला शेतकरी वेड्यासारखा दिसायला लागतो.

अडला होता भाऊ. तो परराज्यातल्या कुठल्याशा शिबिरात मोत्यांची शेती शिकून आला होता. तो काळच तसा होता. कुणी मश्रूम लावत होतं, कुणी ससे पाळत होतं, कुणी कोरफडीचे हंडे भरत होतं. जग खुलं झालंय म्हणे, आपण फक्त हात घालायचा. भाऊने हात डोहात घातला. मागच्या दिवाळीनंतर त्याने मासे धरणाऱ्या भोयांना बरोबर घेऊन डोहातला एकूण एक शिंपला काढला. सुटला तो फक्त माझा, भोक पाडलेला. तेही तो मेलेला होता म्हणून.

ओट्यावर कडुनिंबाच्या सावलीत त्याने आपलं दुकान मांडलं. दातांच्या डॉक्टरकडे असतात तशी हत्यारं. शिंपला जेमतेम नखाएवढा उघडायचा आणि मांस व कवच यांच्यामध्ये गणपतीचा इवलासा साचा सरकवायचा. शिंपला त्या साच्यावर आपलं मोत्याचं पाणी चढवत बसतो. वर्षभराने उघडला की आत मोत्याचा गणपती. आई शिंपले हातात धरून बसायची, बाळंतिणीला धरावं तशी. "जरा हळू रे, त्याला दुखत आसंल," असं दर वेळी म्हणायची. मग जाळीच्या पिशव्यांत भरून ते शिंपले मळ्यातल्या विहिरीत बांबूंवरून टांगले. जाणारे-येणारे काठावरून डोकावायचे. "काय आबा, हिरीत दागिनं वाळत घातलंत व्हय?"

आबा हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. भाऊने त्यांच्याकडून वायदा घेतला होता, माझ्यासमोर.

"आबा, दिवाळीपस्तोर थांबा. मोती न्हाई निघालं तर मी सोता तुमच्या हातात पेन देतो. पर तवर त्या गाडीवाल्याला दारात उभा करू नगा."

"पाण्यात पीक येतं व्हय रं कुठं?"

"येतं. बघाच तुम्ही."

"बरं. दिवाळीपस्तोर."

एवढ्यावर आमचा मळा टिकून होता. विहिरीतल्या मुक्या शिंपल्यांवर. मी रोज सकाळी आधी जाऊन पिशव्या बघायची. शिंपला जिवंत असला की किंचित उघडा असतो आणि पाणी हललं की मिटतो. मी बोटाने पाणी हलवायची, ते मिटायचे, आणि मला फार बरं वाटायचं. इतकं साधं समाधान नंतर आयुष्यात फारसं मिळालं नाही.

वैशाख तापला. विहीर खाली गेली, पाणी निवळशंख झालं. आपल्याला वाटतं निवळ पाणी म्हणजे चांगलं. शिंपल्याला ते म्हणजे रिकामं ताट. त्याला हिरवट, किंचित गढूळ पाणी लागतं. भाऊ आबांशेजारी जेवताना आईला म्हणाला, "उपाशी पडायला लागलेत. लगनाहून आलो की जरा शेणकाला सोडतो, पाणी हिरवं होईल." लोणी काळभोरला चुलत बहिणीचं लग्न होतं. आम्ही सगळे हळदीपासून गेलो. आबा उसाच्या पाण्याच्या पाळीसाठी मागे राहिले.

परतलो तर विहीर हिरवीगार. पोपटी म्हणावी अशी. भाऊ काठावर उभा राहून लहान पोरासारखा हसला होता. "बघितलंस का शोभे, आपोआप झालं." आबा थोडे लांब, बांधावर बसले होते. त्यांच्या तोंडावरही काहीतरी होतं. ते पाहून मला वाटलं होतं, हेही आतून भाऊच्याच बाजूचे आहेत. माझं बरोबर होतं. तिथेच तर सगळा घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी पाणी काळवंडलं. त्याच्या पुढच्या सकाळी मी बोटाने पाणी हलवलं, आणि काहीच मिटलं नाही. सगळे उघडे. पूर्ण, आ वासून. वास यायला ऊन चढावं लागलं, पण मग जो आला तो गावभर गेला. पिशव्या उपसून मळ्यात ढीग घातला. मी एकेक उघडून पाहिला. गणपतींवर कांद्याच्या पापुद्र्याएवढा मुलामा चढला होता. सोंड कुठली, पोट कुठलं, तेही धड कळत नव्हतं.

विहिरीमागे युरियाचं रिकामं पोतं पडलं होतं. उसाच्या दुसऱ्या डोसाला आणलेलं. आबांनी मला उसात बोलावलं. माणूस भर उन्हात उभा होता. त्यांनी मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मला जमायचं न्हाई. तू सांग भाऊला."

मी धावत गेले. "भाऊ, युरिया आबांनी टाकला, पण ते—"

"मला वाटलंच," भाऊ म्हणाला. "त्यांना इकायचाच व्हता ना मळा. दिवाळीपस्तोर दम निघंना."

"अरे ऐक तरी. ते म्हणाले—"

तो थांबलाच नाही. चौकातल्या पिवळ्या एसटीडी बूथवर गेला आणि त्याने स्वतः त्या गाडीवाल्याला फोन लावला. उन्हं उतरायच्या आत पांढरी गाडी दारात. ओट्यावर, जिथे शिंपले उघडले जायचे तिथेच, इसारपावतीचा कागद पसरला. भाऊने शब्द पाळला. स्वतःच्या खिशातलं पेन काढून आबांच्या हातात दिलं. "घ्या. करा सही." आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सही केली. लेकानेच पेन दिल्यावर बाप दुसरं काय करणार होता?

गाडी गेल्यावर मी म्हटलं, "आबा, मी सांगतेच त्याला पुरतं." त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे आता. सही झालीया. आता सांगितलंस तर जन्मभर जळत ऱ्हाईल त्यो." आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. शपथा घ्यायला लावायची ही आमच्याकडची पद्धत. फार क्रूर पद्धत आहे.

त्यानंतर आबा पुष्कळ जगले. इमारत उठली, आम्हाला मजले मिळाले, भाऊला जरा जास्त मिळाले. बापलेक एकाच घरात राहिले. नळाला पाणी आलं का, टीव्हीचा आवाज कमी करा, औषध घेतलं का. यापलीकडे बोलणं नाही. आबा गॅलरीत बसून समोरची काचेची इमारत वर चढताना पाहायचे. एकदा म्हणाले, "बिनपाण्याचं पीक, पर वाढ चांगली हाय." भाऊ उठून आत गेला. मला मात्र हसू आलं होतं आणि लगेच रडूही. आबा गेले तेव्हा भाऊने सगळं रीतीने केलं, कुठे उणं ठेवलं नाही. रीत पाळायला मन मोकळं असावं लागत नाही.

परवा त्याच काचेच्या इमारतीतल्या कंपनीने नदीसाठी कार्यक्रम ठेवला. एक शिंपला दिवसभरात केवढं तरी पाणी गाळतो, हे कुणाला तरी इंटरनेटवर सापडलं. झालं. नदी शुद्ध करायची तर शिंपले सोडायचे. ते आणले आंध्रातून, ट्रकने. मोत्यांच्या शेतीतून उरलेला माल. मी आमंत्रण मिळाल्याबरोबर जाऊन सांगितलं की हा शिंपला आपला नाही, लांबट आहे, काळसर आहे. तो इथे काय करेल, सोबत कुठलं दुखणं आणेल, ठाऊक नाही. आणि ओढा तुम्ही नळीत घातलाय, तर डोहात ताजं पाणी येणार कुठून? सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, शिंपला इज शिंपला ना?" मी चहा प्यायले. चहा चांगला होता.

स्थानिक शेतकरी म्हणून पहिला शिंपला सोडायचा मान भाऊला. त्याला फेटा बांधला. शेतकऱ्याकडे आता शेत म्हणजे गॅलरीतली तुळस, आणि पीक म्हणजे भाडेकरू. तरी तो आला, कारण जागा आमची होती. वैशाखाचं ऊन, नदीकाठी मंडप, पाण्याने भरलेल्या निळ्या टबांत शिंपले. पाहुणे यायला उशीर होत होता. सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, पाठीवर नदीविषयी इंग्रजीतून काहीबाही.

टबांची देखरेख एका तरुण बाईंकडे होती. यवतमाळकडच्या. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण स्वभावाने साध्या. सकाळपासून त्या एकट्याच टबांजवळ बसून होत्या, ओढणी भिजवून सावली करत होत्या. भाऊ जवळ गेला तेव्हा एका टबातलं पाणी तपकिरी झालं होतं, वर फेस. बाईंच्या हातात माशांच्या खाण्याचं रिकामं पाकीट.

"हे काय केलंत?" भाऊने त्यांचं मनगट धरलं. "सगळं टाकलंत? अख्खं? मारलंत की हो त्यांना!" मंडपातली माणसं वळून पाहायला लागली. फेटा त्याच्या कानावर घसरला होता.

बाई रडवेल्या झाल्या. "काका, ट्रकमधी त्यांनी काही खाल्लं नसन. उपाशी दिसत होते. मी तर त्यांच्या चांगल्यासाठीच टाकलं हो."

भाऊने मनगट सोडलं. त्याने एकदा त्या पाकिटाकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे बराच वेळ. मी शेजारीच उभी होते. त्याचा चेहरा उतरताना मला दिसला. त्याने फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि तो चालायला लागला. पहिला शिंपला मग पाहुण्यांनी सोडला, फोटोसाठी दोनदा.

आता सगळ्याच टबांतल्या शिंपल्यांचा वास येतोय, नदीवरून, वारा फिरला की. काचेच्या इमारतीला खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे त्यांना कळत नाही. आम्हाला कळतो. मला आणि भाऊला तो लगेच ओळखू आला.

काल संध्याकाळी भाऊ खाली माझ्याकडे आला. मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून अख्ख्या कैऱ्या आणल्या होत्या आणि शिंपल्याने सोलत बसले होते. तो समोर पाटावर टेकला. पूर्वी असा बसायचा. सालीची फीत भोकातून वर येत होती, ती तुटेपर्यंत तो पाहत राहिला.

"शोभे, त्या दिशी तू कायतरी सांगत व्हतीस. आबा काय म्हणालं व्हतं?"

शपथ ज्यांची घेतली ते आता नाहीत. मी शिंपला खाली ठेवला. "म्हणाले, उसाला टाकतो तेवढंच टाकलं गं. लेकराचं पीक उपाशी मरू नये म्हणून."

भाऊने डोळे मिटले. समोरच्या काचा विझून राखाडी झाल्या होत्या आणि सून आत फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. मी एक फोड कापून त्याच्यापुढे केली. त्याने ती नुसती हातात धरली.

"आनी? अजून काय म्हणालं?"

आबा उसात उभे राहून आणखी एक गोष्ट म्हणाले होते. म्हणाले होते, "भाऊला म्हण, खचू नगंस. दुसरीकडनं शिंपलं आण. मी अजून एक साल थांबतो, मळा कुठं पळून जातोय?"

"एवढंच," मी म्हणाले, आणि दुसरी कैरी सोलायला घेतली.